उणे दोन तास पस्तीस मिनिटं

सुंदरीबाई आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात १९८६ साली टायपिस्ट म्हणून लागल्या. तंजावुरात त्या काळी मुलीची शाळा संपली की लग्न ठरेपर्यंत तिला टाइपरायटिंग इन्स्टिट्यूटमध्ये घालायची पद्धत होती. सुंदरीबाईंचं लग्न ठरायला सहा वर्षं लागली. तेवढ्यात त्यांनी इंग्रजी आणि तमिळ टायपिंगच्या दोन्ही हायर, म्हणजे वरच्या, परीक्षा पहिल्या वर्गात पास केल्या. त्यांचा वेगही असा झाला की पाहुणे आले की इन्स्टिट्यूटचे मालक त्यांना मुद्दाम बोलावून टाइप करायला बसवत. पुढे पोस्टातल्या वैद्यनाथरावांशी लग्न झालं, विनुता झाली, आणि विनुता शाळेत जायला लागल्यावर बाई कॉलेजात आल्या.

मी तिथे भौतिकी शिकवत होतो. आम्ही दोघेही राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांतल्या जुन्या मराठी घराण्यांतले, त्यामुळे आसपास कुणी नसलं की आमचं बोलणं आमच्या मराठीत चाले. बाकी दिवसभर तमिळ आणि इंग्रजी.

संगणक विभागाचे प्रमुख सदाशिव सार (तमिळमध्ये 'सर'चं 'सार' होतं) प्रोग्राम पेन्सिलीने कागदावर लिहीत आणि बाईंकडे टाइप करायला पाठवत. एकदा बाई कागद घेऊन त्यांच्या दारात उभ्या राहिल्या.

"सार, एकेचाळिसाव्या ओळीत कंस उघडलाय, मिटलेला नाही. तसाच ठेवू?"

"बाई, लिहिलंय तसं टाइप करा. तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

बाईंनी लिहिलं होतं तसं टाइप केलं. मशीनने सतरा चुका दाखवल्या. सदाशिव सार दुपारभर त्या सतरा चुका शोधत बसले, आणि संध्याकाळी एकेचाळिसाव्या ओळीत एक कंस घालून घरी गेले. पुढच्या प्रोग्रामबरोबर चिठ्ठी आली: कृपया कंस पाहून घ्यावेत.

कंस पाहता पाहता बाई सी भाषा शिकल्या. पुस्तकातला प्रोग्राम कळला नाही की त्या तो टाइप करून पाहत. तरीही नाही कळला तर पुन्हा टाइप करत. १९९५ पर्यंत पोरं सदाशिव सारांच्या खोलीवरून पुढे जाऊन बाईंच्या टेबलाशी उभी राहू लागली. कॉलेजच्या कागदावर मात्र त्या टायपिस्टच होत्या.

त्यांचे मामा अप्पाजी भागवतर. वय एकोणऐंशी, पेशा हरिकथा. आमच्या घराण्यांत हरिकथा मराठीतून करणारे आता बोटांवर मोजण्याइतके राहिलेत, आणि अप्पाजींच्या मते बोटंही जास्तच होतात. त्यांची गाजलेली कथा कावेरीच्या नावाड्याची. पुराच्या दिवशी एक म्हातारी पैलतीरी न्यायला सांगते, नावाडी तिला नावेत घेतो, आणि ती म्हातारी म्हणजे प्रत्यक्ष देवी निघते. गोष्ट एवढीच, पण मामा ती चार तास दहा मिनिटं सांगत.

आमच्या गल्लीत हरिकथा सभा आहे. मी तिच्या कमिटीवर होतो आणि चिटणीस होते तुळजाजीराव. २००१ साली तुळजाजीरावांच्या मनात आलं की अप्पाजींच्या सगळ्या कथा कॅसेटवरून काँप्युटरवर उतरवायच्या आणि तीन ठिकाणी लोकांना ऐकायला ठेवायच्या: सभेच्या दिवाणखान्यात, आमच्या कॉलेजात आणि पापनाशमच्या शाखेत. सभेत ठेवायचा विंडोजचा काँप्युटर चेन्नईच्या एका कंपनीने भेट दिला होता. कॉलेजात लिनक्स होतं. पापनाशमला एका निवृत्त प्राध्यापकांनी दिलेलं सन कंपनीचं जुनं यंत्र होतं. त्यावर सोलारिस चाले आणि ते उचलायला तीन माणसं लागत. तीन यंत्रं, तीन तऱ्हा. हे सगळं जुळवून द्यायचं काम अर्थातच सुंदरीबाईंकडे आलं.

"आवाज दाबून लहान फाइल करतात ना आजकाल?" मी विचारलं.

"मामांना तसं ऐकवलं," बाई म्हणाल्या. "म्हणाले, झांज डब्यात बसून वाजवल्यासारखी वाटते. कमिटीनेही ठराव केलाय. मूळ आवाज, जसाच्या तसा, एका कथेची एक फाइल."

बाईंनी आधी सीमध्ये फायली सांभाळणारी एक छोटी लायब्ररी लिहिली. फाइल उघडायची, तिची लांबी सांगायची, हवा तिथून आवाज द्यायचा. तिचं नाव त्यांनी 'पेटी' ठेवलं. पडद्यावरची बटणं आणि कथांची यादी हे दुसऱ्या एका सोप्या भाषेत केलं. ह्या दोघींची गाठ घालून देणारा एक तिसरा तुकडा असतो, त्याला बाइंडिंग म्हणतात. बाइंडिंगचं काम मध्यस्थाचं. पेटीने सांगितलेलं बटणांपर्यंत पोचवायचं, बस्स. दीड-दोन तासांच्या आठ कथा चढवल्या. तिन्ही ठिकाणी सुरेख वाजल्या. मग नावाड्याची कथा चढवली.

कॉलेजात पहिली चाचणी ठेवली तेव्हा मामा स्वतः आले. जरीकाठी उपरणं, कपाळाला गंध. खुर्ची पडद्यासमोर ओढून बसले. बाईंनी कथेच्या नावावर टिचकी मारली. पडद्यावर अवधी आला: -2:35.

मामांनी चष्मा वर केला, खाली केला.

"हें पुढें आडवी रेघ कसली?"

"उणे, मामा."

"उणे म्हणजे?"

"म्हणजे... शून्याच्या खालीं."

"माझी कथा शून्याच्या खालीं दोन तास पस्तीस मिनिटें?" मामांचा आवाज हरिकथेच्या पट्टीत गेला. "म्हणजे मी जितकी सांगितली, त्याहून अधिक लोकांकडून परत घेतली काय?"

तुळजाजीरावांनी मध्ये पडायचा प्रयत्न केला. "अप्पाजी, आपण त्यावर एक चिठ्ठी डकवून टाकू. चार तास, अंदाजे."

"अंदाजे चार तास मी कथा करीत नाहीं," मामा म्हणाले. "चार तास दहा मिनिटें करतों."

बाईंनी वहीत लिहून घेतलं: लिनक्स, उणे दोन पस्तीस. दुसऱ्या दिवशी पापनाशमला जायचं ठरलं. मामा म्हणाले, मीही येतों. सकाळच्या पॅसेंजरने आम्ही तिघं गेलो. दोन्हीकडे भाताची खाचरं, आणि मामा वाटभर खिडकीबाहेर बघत होते. शाखेत पोचल्यावर ते जड यंत्र सुरू व्हायलाच वीस मिनिटं लागली. कथा निवडली. अवधी आला: 0:00.

मामांनी चष्मा वर करून ती शून्यं पाहिली. मग त्यांचा चेहरा जरासा उजळला.

"सुंदरी, तंजावुरांत उणे, पापनाशमांत शून्य. आतां हें यंत्र घेऊन पुढें कुंभकोणास गेलों तर कथा पुरी होईल कीं काय?"

मला हसू आवरेना. सुंदरीबाई हसल्या नाहीत. परत येताना गाडीत त्या म्हणाल्या, "सार, एकच फाइल, एकच पेटी. एक यंत्र म्हणतं उणे, एक म्हणतं शून्य. चूक असती तर दोघांनी सारखी केली असती. हे भांडण आहे."

सभेतल्या विंडोजने तिसराच प्रकार केला. तिथे अवधी बरोबर आला, चार तास दहा. मामांनी टाळी वाजवली, आणि त्याच क्षणी पडद्यावरचं सगळं नाहीसं झालं. पुन्हा उघडलं. चार तास दहा, आणि पुन्हा गायब. जणू खरं बोलून पळून जात होतं.

तुळजाजीरावांनी चेन्नईच्या कंपनीचा इंजिनिअर बोलावला. कार्तिकेय त्याचं नाव. आमच्यातलाच, आजोळ कुंभकोणम. मराठी समजत होती, पण बोलताना तमिळमध्ये घसरायचा. त्याने दहा मिनिटं पाहिलं आणि निकाल दिला.

"अक्का, सिंपल. दोन जीबीच्या वर फाइल गेलीय. दोन भाग करा. सगळे तेच करतात."

"कुठे तोडायची?" बाईंनी विचारलं.

त्याने हिशेब केला. "तीन तास बावीस मिनिटांच्या आत कुठेही."

मामा कोपऱ्यात बसले होते. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले. पूर्ण कथा त्यांना मिनिटागणिक पाठ होती.

"तीन तास बावीस मिनिटांस," ते डोळे उघडून म्हणाले, "म्हातारी मध्य कावेरींत असते. पूर चढलेला, वल्हें मोडलेलें, नावाडी धांवा करतो. तेथें तोडूं? तेथें लोकांस म्हणूं, जा, कापी पिऊन या, म्हातारी बुडत नाहीं?"

"मग थोडं आधी तोडा, तात्ता," कार्तिकेय म्हणाला. तात्ता म्हणजे तमिळमध्ये आजोबा.

"आधी ती नावेंत चढत असते. एक पाय काठावर, एक पाय नावेंत."

"अजून आधी?"

"अजून आधी ती म्हातारीच नाहीं. मग उरतें काय? नावाडी आणि पाऊस!"

कार्तिकेय चेन्नईला गेला. उद्घाटनाची पत्रिका छापून झाली होती, बारा दिवस राहिले होते.

बाईंनी मग जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. काँप्युटरवर शोधत न बसता त्यांनी दोन कागद छापून काढले. पेटी बांधताना कंपायलरला दिलेली आज्ञा एकावर, बाइंडिंग बांधतानाची आज्ञा दुसऱ्यावर. प्रोग्राम यंत्रासाठी बांधून देणाऱ्या कंपायलरला अशा आज्ञेबरोबर बऱ्याच सूचना द्याव्या लागतात. त्यांना फ्लॅग म्हणतात. प्रत्येक आज्ञा दीड-दोन ओळींची, आडव्या रेघांनी भरलेली. टेबलावर दोन्ही कागद शेजारी ठेवून, लाकडी पट्टी खाली सरकवत, परीक्षेची प्रत तपासावी तशा त्या शब्द न् शब्द वाचू लागल्या. मला समोर बसवलं. "सार, तुम्ही डावा वाचा, मी उजवा."

मी वाचत गेलो. सातव्या शब्दाला मी म्हणालो, "फाइल ऑफसेट बिट्स, चौसष्ट."

"थांबा," बाई म्हणाल्या. पट्टी थांबली. "हे इकडे नाही."

झालं होतं ते असं. मोठ्या फायलींसाठी बाईंनी पेटीला तो फ्लॅग दिला होता, त्यामुळे पेटी लांबीचा आकडा चौसष्ट बिटांच्या ऐसपैस जागेत लिहीत होती. पण बाइंडिंगच्या सूचना बाईंनी लिहिलेल्याच नव्हत्या. ती दुसरी भाषा ज्या फ्लॅगांवर फार पूर्वी बांधली गेली, तेच ती आपल्या बाइंडिंगला आपोआप लावत होती. त्यांत चौसष्टचा नव्हता. म्हणून बाइंडिंग बत्तीस बिटांएवढंच वाचून निघून येई, म्हणजे आकड्याचा अर्धा भाग. लिनक्सच्या मशीनवर मागचा अर्धा आधी लिहिलेला असतो, तो एकटा वाचला की एवढा मोठा आकडा त्या जागेत मावत नाही आणि उणे दिसतो. सनच्या यंत्रावर पुढचा अर्धा आधी, आणि तो होता शून्य. दोन तासांपर्यंतच्या कथा अर्ध्या जागेत मावत होत्या. सनवर त्यांचाही अवधी शून्यच दिसत असणार, पण कथा वाजत होती, मग अवधीकडे बघतो कोण.

"मग बाइंडिंगलाही चौसष्ट द्या की," मी म्हणालो.

त्यांनी दिला. प्रोग्राम सुरू होताच मेला. ती दुसरी भाषाच आतून बत्तीसवर बांधलेली, बाइंडिंग चौसष्टवर गेलं की त्या दोघींचं जमेना. मग उलट करून पाहिलं. पेटीचा फ्लॅग काढला. आता भांडण मिटलं, पण पेटी कथा उघडेचना. पडद्यावर इंग्रजीत आलं: मूल्य फार मोठं आहे.

नेमके तेव्हा मामा आले होते. बाईंनी अर्थ सांगितला.

"यंत्रास उशिरा कां होईना, कळलें," मामा म्हणाले, आणि ते पान छापून मागून घेतलं.

पेटीला फ्लॅग हवा, बाइंडिंगला चालत नाही. ती भाषाच तिन्ही यंत्रांवर नव्याने बांधावी म्हटलं, तर सनच्या डिस्कवर जागा नव्हती आणि चेन्नईची कंपनी आपल्या विंडोजला हात लावू देईना. तीन दिवस बाई घरून कॉलेजात आणि कॉलेजातून घरी नुसत्या गप्प. वैद्यनाथराव मला भेटले तेव्हा म्हणाले, "सांबारात तीन दिवस मीठ नाही. चौथ्या दिवशी मी विचारलं, तर म्हणाली, बत्तीस."

विंडोजचं कोडं दरम्यान सुटलं, तेही घरच्या भाषेत. तिथे बाईंनी आकड्याला आधीच मोठी वेगळी जागा दिली होती, म्हणून अवधी बरोबर येत होता. पण कथेचं नाव लिहायला पेटी आपल्याकडची थोडी मेमरी घेई आणि ती परत करायचं काम बाइंडिंगकडे असे. दोघी वेगवेगळ्या फ्लॅगांनी बांधलेल्या, म्हणून दोघींची कोठारं वेगळी. "शेजारच्या शेषम्माकडून पातेलं आणायचं आणि परत करताना लक्ष्मीप्रियाच्या घरी द्यायचं," बाई म्हणाल्या. "ती ओरडणारच, हे माझं नव्हे."

पाचव्या दिवशी दुपारी त्या माझ्या वर्गाच्या दारात आल्या. मी फळ्यावर लोलक काढत होतो.

"सार, मी मूर्ख."

वर्ग आनंदला. मी बाहेर गेलो.

"आकडा आकडा म्हणून कशाला द्यायचा?" बाई म्हणाल्या. "बत्तीसच्या जागेत की चौसष्टच्या, हे भांडण आकड्याचं. मी टायपिस्ट. मी टाइप करून देते. दोन, सहा, चार, सहा, शून्य, शून्य... अक्षरं! अक्षर सगळीकडे तेवढंच असतं, लिनक्सवर, सनवर, विंडोजवर. आणि ज्याला हवं त्याने आपलं पातेलं घेऊन यावं. पेटी त्यात टाइप करेल. पातेलं त्याचं त्याच्या घरी जाईल."

पंधरा वर्षं ह्या बाई कॉलेजात टायपिस्ट होत्या ह्याची मला पहिल्यांदाच लाज वाटली. पण तसं बोलून दाखवण्याइतका मी धीट नव्हतो. मी म्हणालो, "करून पाहा."

दोन दिवसांत त्यांनी पेटीचं तोंड बदललं. आत चौसष्ट, बाहेर नुसती अंकांची ओळ. बाइंडिंगला आता पेटीच्या आत कोणता फ्लॅग आहे हे कळायचं कारणच उरलं नाही. लिनक्सवर अवधी आला चार तास दहा. विंडोजवर चार तास दहा, आणि पडदा जागच्या जागी राहिला. पापनाशमला बाई एकट्याच बसने गेल्या आणि तिथून सभेत फोन केला. फोन तुळजाजीरावांनी घेतला, ऐकला आणि खाली ठेवून ओरडले, "पापनाशमही चार तास दहा!" मामा नेमके दारात चप्पल काढत होते. ते म्हणाले, "कुंभकोणास जाण्याचें वांचलें."

उद्घाटनाला साठ-सत्तर माणसं आली. तुळजाजीरावांनी ठरवलं होतं की नमुना म्हणून दहा मिनिटं ऐकवायची आणि मग केसरी, म्हणजे आपला गोड शिरा, वाटायची. मामांनी जाहीर केलं की कथा पूर्ण होईल. पहिल्या तासाला पन्नास माणसं होती, दुसऱ्याला वीस, केसरीचा वास आला तेव्हा पुन्हा चाळीस. तीन तास बावीस मिनिटांना, म्हातारी मध्य कावेरीत असताना, मी सुंदरीबाईंकडे पाहिलं. त्या पडद्यावरचे सेकंद मोजत होत्या. आकडे पुढे सरकले, नावाड्याचा धावा सुरूच राहिला. बाईंनी पदर कपाळावरून फिरवला आणि भिंतीला टेकल्या. पुढच्या पाच मिनिटांत त्या बसल्या बसल्या झोपल्या. नाव पैलतीराला लागलेली त्यांनी ऐकलीच नाही.

मामा मात्र अस्वस्थ झाले होते. कॅसेटमध्ये एका ठिकाणी त्यांना ओवी आठवेना म्हणून त्यांनी तीच झांज चार वेळा वाजवली होती. वीस वर्षं ते कुणाला कळलं नव्हतं. त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा त्यांनाच कळलं.

सहा महिन्यांनी कॉलेजने बाईंना सिस्टिम असिस्टंट केलं. त्याला कारण पेटी नव्हे. टाइपरायटर मोडीत काढायचे होते आणि टाइपरायटर नसताना टायपिस्ट ठेवता येईना. पेटी बाईंनी इंटरनेटवरच्या एका यादीत सगळ्यांसाठी ठेवली. बरेच दिवस कुणी विचारलं नाही. मग ब्राझीलमधल्या एका माणसाचं पत्र आलं: लायब्ररी चांगली आहे, पण आकडे अक्षरांत देणं म्हणजे वेळेचा अपव्यय, असं कुणी करत नाही. बाईंनी उत्तर लिहिलं की आपण कोणकोणत्या यंत्रांवर चालवून पाहिलं आहे, कळवावं. दुसरं पत्र जरा चिडलेलं आलं. तिसऱ्यात त्याने मान्य केलं की त्याच्या एका यंत्रावर त्याच्या स्वतःच्या लायब्ररीत फाइल उणे येत आहे, आणि पेटी घेऊ का, असं विचारलं.

बाईंनी ते पत्र मला दाखवलं. "सार, ब्राझील कुठे आलं?"

मी भिंतीवरच्या नकाशात दाखवलं. म्हणालो, कॉफी फार पिकते तिथे.

"कापी?" त्या जरा विचारात पडल्या. "मग भला माणूस असेल. घे म्हणून लिहिते."